तिसरा कोन कुणाचा?

खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाजवळून जाताना मला हटकून ‘सिंहगड’ आठवतो. बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर कोल्हापूरचा चित्रधंदा उभा राहिला आणि 1923 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीने हा मूकपट काढला. 1933 मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी त्याच कथेचा बोलपट केला. तानाजी, शेलारमामा, रायबाचं लग्न हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण ज्या कादंबरीतून ही कथा पडद्यावर आली, त्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये कमलकुमारीही आहे. सती जायला निघालेल्या या रजपूत विधवेला उदयभानू बळाने पळवतो. बाहेर मावळे गड चढत असताना आत ती एकटीच झुंजते आहे. तिची सुटका महत्त्वाची ठरते. तिचं मन कुणी विचारत नाही.

आपला युद्धातला प्रेमपट तिथेच अडकला, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वीर, एक स्त्री आणि तिसऱ्या टोकाला खलनायकाची वासना, नाहीतर मोहीम. निवड करायची वेळ स्त्रीवर येतच नाही, मग त्रिकोणाला ताण कुठला? भालजी पेंढारकरांनी 1941 च्या ‘थोरातांची कमळा’मध्ये युवराज संभाजीराजांचं प्रेम कथेच्या मध्यभागी आणलं. ती दंतकथाच होती. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने संभाजीराजांभोवतीच्या अशा कथांचा पाया काढून घेतला, ते योग्यच झालं. मात्र दंतकथेबरोबर ऐतिहासिक पटातून प्रेमही हद्दपार झालं, याची मला खंत वाटते.

कोल्हापूरच्याच मातीतल्या शांतारामांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ केला. सोलापूरचा डॉक्टर, चीनमधली युद्धभूमी, तिथली परिचारिका. इथे तिसरा कोन कर्तव्याचा आहे, पण तो दोघांनाही सारखाच ओढतो. म्हणून तो संसार खरा वाटतो.

‘बाजीराव मस्तानी’ (2015) मध्ये संजय लीला भन्साळी यांच्या हाती खराखुरा त्रिकोण होता, ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मधून आलेला. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवण्यावरून वाद झाला. माझा आक्षेप वेगळा आहे. काशीबाईंचं दुःख देखणं करण्याच्या नादात दिग्दर्शकाने पुढचा इतिहास सोडून दिला. 1740 मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानी गेली. तिचा मुलगा समशेरबहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला आणि 1761 साली पानिपतच्या जखमांनी गेला. सवतीचं पोर वाड्यात वाढताना पाहणाऱ्या काशीबाईंचा चित्रपट मला बघायचा आहे.

दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंतच्या पटांनी प्रेक्षक थिएटरात परत आणला. त्यांचं ते श्रेय मोठंच. पण त्यांतल्या स्त्रिया कितीही खंबीर असल्या, तरी त्यांच्या मनात दुमत म्हणून नसतं.

आणि विषय आपल्या उंबऱ्यावर पडले आहेत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरटी फौजी. तिथल्या बायकांनी पत्राची वाट पाहण्यात पिढ्या काढल्या. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून पाच वर्षं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. घरचे पुरुष आघाडीवर किंवा बेपत्ता, मायदेश गेलेला, आणि भोवती मराठी बोलणारं, उसाच्या गुऱ्हाळांचं अनोळखी गाव. क्वचित कुणी इथेच लग्न करून राहिलं. परत न येणारा नवरा, समोर उभा असलेला परका माणूस आणि निर्णय घेणारी ती: त्रिकोण याहून वेगळा काय असतो?

कोल्हापूरच्या तरुण दिग्दर्शकांनो, वळिवडे स्टेशन शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एकदा जाऊन या.