प्रकाश व द्रव्य यांचे 'द्वैत' स्वरूप : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

बारावीच्या भौतिकशास्त्रातील 'प्रारण व द्रव्य यांचे द्वैत स्वरूप' हे प्रकरण विद्यार्थ्यांना सोपे वाटते. सूत्रे मोजकी, गणिते सरळ आणि गुण हमखास, ही त्यामागील कारणे. पदवी अभ्यासक्रमात आधुनिक भौतिकीचा आरंभ होतो तेव्हा तीच प्रयोगमालिका पुन्हा समोर येते : प्लांक, आइन्स्टाइन, कॉम्प्टन, द ब्रॉयी आणि शेवटी डेव्हिसन-जर्मर. क्रम इतका पक्का झाला आहे की हा इतिहास नसून एक मांडणी आहे, याचे भान अध्यापकालाही राहत नाही. प्रस्तुत लेखक स्वतः अनेक वर्षे याच क्रमाने शिकवीत आला आहे.

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, जे पुरावे म्हणून सांगितले जाते ते निष्कर्षाचा भार पेलू शकत नाही आणि जे पेलू शकते ते सांगितलेच जात नाही. दुसरा आक्षेप शब्दाविषयीचा आहे. विज्ञान शाखेचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत असले तरी ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांत समजावून सांगण्याची भाषा मराठीच असते, आणि तेथे 'द्वैत' हा शब्द स्वतःचे सामान घेऊन वर्गात शिरतो.

प्लांकची अडचण कोणती होती?

पाठ्यपुस्तकी कथा अशी. अभिजात भौतिकीनुसार कृष्ण पदार्थाच्या प्रारणाची तीव्रता अतिनील टोकाकडे अनंत होत होती. या 'अतिनील अरिष्टा'तून सुटका करण्यासाठी प्लांकने १९०० मध्ये पुंजकल्पना मांडली. कथा नाट्यपूर्ण आहे, परंतु कालक्रमाशी विसंगत आहे. 'अतिनील अरिष्ट' हा शब्दप्रयोग एरेनफेस्टने १९११ मध्ये केला. रॅले-जीन्स सूत्र आज ज्या पूर्ण रूपात शिकविले जाते ते १९०५ मधील आहे. प्लांकसमोरची अडचण नेमकी विरुद्ध टोकाला होती. बर्लिन येथे रुबेन्स व कुर्लबाउम यांनी अवरक्त विभागातील दीर्घ तरंगलांबीसाठी केलेली मापने व्हीनच्या सूत्राशी जुळेनात. त्यांच्याशी जुळणारे सूत्र प्लांकने १९ ऑक्टोबर १९०० रोजी मांडले आणि त्याची सैद्धांतिक उपपत्ती १४ डिसेंबर रोजी सादर केली. त्या उपपत्तीत ऊर्जेचे अंश पाडले गेले ते आंदोलकांच्या बाबतीत. प्रकाश कणमय आहे असे विधान त्यात नाही.

हा तपशिलाचा हट्ट वाटेल. पण 'अरिष्ट आले म्हणून क्रांती झाली' असे शिकलेला विद्यार्थी मापनातील लहानशा तफावतीचे महत्त्व कधीच ओळखत नाही. प्रयोगशाळेत आलेखावरचा एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की तो खोडून रेषेवर आणण्याची आपल्याकडील जी सवय आहे, तिच्याशी या कथेचा संबंध नाहीच असे म्हणवत नाही.

प्रकाशविद्युत परिणाम : पुरावा कशाचा?

या प्रकरणाचा कणा म्हणजे प्रकाशविद्युत परिणाम. युक्तिवाद परिचित आहे. इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, ती वारंवारतेवर अवलंबून असते. विशिष्ट वारंवारतेखाली इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. उत्सर्जनास विलंब लागत नाही. तरंगसिद्धांताला हे स्पष्ट करता येत नाही, म्हणून प्रकाश कणरूप आहे.

मुळात आइन्स्टाइनचा मार्च १९०५ मधील निबंध या युक्तिवादावर उभा नव्हता. कमी घनतेच्या एकवर्णी प्रारणाची एन्ट्रॉपी वायूच्या एन्ट्रॉपीप्रमाणे आकारमानावर अवलंबून असते. त्यामुळे असे प्रारण जणू स्वतंत्र ऊर्जापुंजांचे बनलेले असल्याप्रमाणे वागते, हे त्याचे मुख्य सूत्र होते. प्रकाशविद्युत परिणाम निबंधाच्या उत्तरार्धात, तीन उपयोजनांपैकी एक म्हणून येतो. लेनार्डने १९०२ मध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीव्रतेवर अवलंबून नसल्याचे दाखविले होते. परंतु निरोधी विभव व वारंवारता यांतील सरळरेषीय संबंध हे त्या वेळी स्पष्टीकरण नव्हते, ते भाकीत होते. त्याची निर्णायक पडताळणी मिलिकनने १९१६ मध्ये केली. समीकरण अचूक ठरले, तरीही त्यामागील प्रकाशपुंजाची कल्पना मिलिकनला तेव्हा मान्य नव्हती. आइन्स्टाइनला १९२१ सालचे नोबेल पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर झाले तेही प्रकाशविद्युत परिणामाच्या 'नियमा'साठी. प्रकाशपुंजाचा त्यात उल्लेख नाही. समीकरण खरे, पण त्याचा अर्थ अनिश्चित, असा हा भेद त्या काळच्या भौतिकज्ञांनी पाळला होता. आपण तो सोडून दिला आहे.

तो सोडून देणे तर्कदृष्ट्याही परवडणारे नाही. लॅम्ब व स्कली यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, प्रकाश हा तरंगच मानून केवळ धातूतील इलेक्ट्रॉनला पुंजयामिकीचे नियम लावले तरी प्रकाशविद्युत परिणामाची सर्व परिचित लक्षणे निघतात. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांत संक्रमण घडविण्यासाठी आंदोलित क्षेत्राची वारंवारता त्या पातळ्यांमधील अंतराशी जुळावी लागते. प्लांकचा स्थिरांक तेथून येतो. संक्रमणाची संभाव्यता तीव्रतेच्या प्रमाणात असते व ती पहिल्या क्षणापासून शून्याहून अधिक असते, म्हणून विलंबही नाही. अर्थात या मांडणीला मर्यादा आहे. अत्यंत मंद प्रकाशात एखादा इलेक्ट्रॉन तत्काळ सुटला, तर त्या एकट्या घटनेत ऊर्जेचा हिशेब जुळत नाही. तो सरासरीनेच जुळतो.

वादाचे खरे ठिकाण हेच आहे आणि इतिहासात ते एकदा उघडपणे आले होते. बोर, क्रेमर्स व स्लेटर यांनी १९२४ मध्ये ऊर्जा व संवेग यांची अक्षय्यता केवळ सरासरीने पाळली जाते, असे सुचविले. कॉम्प्टन परिणामात विखुरलेला क्ष-किरण व उसळलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी बाहेर पडतात काय, हे बोथे व गायगर यांनी १९२५ मध्ये तपासले. ते एकाच वेळी बाहेर पडतात असे आढळले आणि सरासरीचा पर्याय बाद झाला. आपण मात्र कॉम्प्टन परिणामाच्या तरंगलांबीतील फरकाचे सूत्र पाठ करून घेतो आणि हा प्रयोग वगळतो. वस्तुतः तो समजण्यास सूत्राहून सोपा आहे.

मंद प्रकाशाच्या प्रयोगाबाबतही असेच घडते. जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये काजळी धरलेल्या काचांतून प्रकाश अतिमंद करून सुईच्या छायेभोवतीचे विवर्तन सुमारे तीन महिन्यांच्या प्रकाशनाने टिपले. 'एकेका फोटॉनचा प्रयोग' म्हणून तो उद्धृत होतो. परंतु प्रकाश मंद केल्याने एकेक फोटॉन मिळतो असे नाही. मंद तरंग हा तरंगच राहतो. खराखुरा एकेरी फोटॉन ग्रांजिए, रोजे व आस्पे यांनी १९८६ मध्ये वापरला. कॅल्शियमच्या अणूतून लागोपाठ दोन फोटॉन बाहेर पडतात. पहिल्याची नोंद झाली की दुसरा अर्धपारदर्शक आरशावर सोडलेला आहे असे समजायचे. आरशापलीकडे दोन मार्गांवर दोन शोधक. प्रकाश हा तरंग असेल तर तो दोन्हीकडे विभागला जाईल व दोन्ही शोधक एकत्र वाजण्याचे विशिष्ट गुणोत्तर १ पेक्षा कमी येणार नाही. प्रत्यक्षात ते सुमारे ०.१८ आले. फोटॉन एका वेळी एकाच शोधकात सापडत होता. त्यानंतर शोधक काढून तेच दोन मार्ग दुसऱ्या अर्धपारदर्शक आरशावर पुन्हा एकत्र आणले, तेव्हा व्यतिकरणाचे पट्टे ९८ टक्क्यांहून अधिक स्पष्टतेने उमटले.

उगम तोच, पहिला आरसा तोच. ज्याला आपण द्वैत म्हणतो ते एका ठिकाणी सलग पाहावयाचे असेल तर ते येथे दिसते. या प्रयोगाला चार दशके होत आली, तरी आपले प्रकरण १९२७ पाशी थांबते.

द्रव्यतरंग

द्रव्याच्या बाजूने पाठ्यपुस्तक अधिक प्रामाणिक आहे, कारण तेथे पुरावा थेट आहे. द ब्रॉयीने १९२४ च्या प्रबंधात मांडलेला संबंध डेव्हिसन व जर्मर यांच्या निकेलवरील प्रयोगात १९२७ मध्ये प्रत्ययास आला. ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला ५० अंशांवरील शिखर प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटून निकेल गंजले, ते शुद्ध करण्यासाठी तापविले असता त्यात मोठे स्फटिक तयार झाले आणि निरीक्षणे बदलली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या पुस्तकातून तर २०२२ च्या अभ्यासक्रम-कपातीत हा प्रयोगच वगळण्यात आला. द्रव्यतरंगाचे सूत्र राहिले, त्याचा आधार गेला. मग क्रिकेटच्या चेंडूची तरंगलांबी काढण्याचे गणित तेवढे उरते. तोनोमुरा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर प्रथम विखुरलेले ठिपके आणि हळूहळू त्यांतूनच पट्टे दिसू लागले. ती छायाचित्रे पाच मिनिटांत दाखविता येतात. १९९९ मध्ये व्हिएन्ना येथे साठ कार्बन अणूंच्या रेणूचेही व्यतिकरण दिसून आले.

'द्वैत' या शब्दाविषयी

मराठी वाचकाच्या मनात द्वैत म्हणजे भेद. मध्वाचार्यांच्या दर्शनात जीव व ईश्वर हे नित्य भिन्न आहेत. दोन वस्तू आहेत आणि त्या दोनच राहतात. भौतिकीला अभिप्रेत असलेली गोष्ट याच्या उलट आहे. वस्तू एकच आहे. कण व तरंग ही आपल्या जुन्या अनुभवातून उचललेली दोन चित्रे असून त्यांपैकी एकही तिला पुरे पडत नाही. परिणामी उत्तरपत्रिकेत 'प्रकाश कधी कण असतो, तर कधी तरंग असतो' असे वाक्य येते आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो. उलट बाजूने, द्वैत हा शब्द उच्चारताच काही व्याख्यात्यांना अद्वैताची आठवण होते आणि तास उपनिषदांकडे वळतो. उपनिषदांचा अधिकार मोठा आहे. परंतु दोन शोधक एकत्र का वाजत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर तेथे मागणे हा दोन्हींवर अन्याय आहे.

शिवाय 'कण' हा शब्दही जुन्या अर्थाने उरत नाही. ढाका विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांना प्लांक सूत्राच्या प्रचलित उपपत्तीने समाधान होत नव्हते, कारण तिच्यात तरंगसिद्धांत व पुंजकल्पना यांची सरमिसळ होती. १९२४ मध्ये त्यांनी तेच सूत्र केवळ प्रकाशपुंजांची गणना करून काढले व निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइनने त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. त्या गणनेत पुंजांना स्वतंत्र ओळख नाही. हा फोटॉन आणि तो फोटॉन, असा भेद करता येत नाही. गोट्यांसारख्या मोजता येणाऱ्या, खूण करता येणाऱ्या कणाचे चित्र येथेच मोडते. तरीही बोस यांचे नाव आपल्याकडे सांख्यिकीय भौतिकीच्या घटकात येते, द्वैताच्या प्रकरणात येत नाही. वर्गात उभे राहून शिकविताना खटकलेल्या गोष्टीचा पाठपुरावा एका भारतीय अध्यापकाने केला, हे निदान अध्यापकांनी तरी सांगावयास हवे होते.

'द्वैत' हा शब्द रूढ झाला आहे व तो बदलण्याचा आग्रह व्यवहार्य नाही. बोर यांच्या कल्पनेसाठी 'पूरकता' हा शब्द उपलब्ध आहे, पण तोही व्याख्येशिवाय वापरला तर तितकाच पोकळ ठरेल. बदल करता येण्याजोगी जागा प्रश्नपत्रिकेत आहे. 'प्रकाशाचे कणस्वरूप सिद्ध करणारा प्रयोग वर्णन करा' याऐवजी 'प्रकाशविद्युत परिणामावरून प्रकाशाविषयी काय सिद्ध होते व काय होत नाही?' असे विचारता येईल. या प्रश्नाचे उत्तर बाजारातील कोणत्याही मार्गदर्शकात तयार मिळत नाही आणि ते तपासण्यासाठी परीक्षकाला प्रत्येक उत्तर वाचावे लागेल.