पालोमारची नजर

इतालो काल्व्हिनोच्या ‘पालोमार’मधील (१९८३) निर्जन किनाऱ्यावरचा प्रसंग निव्वळ विनोद म्हणून वाचणे अपुरे ठरते. अनावृत वक्षाने ऊन घेत पहुडलेल्या तरुणीजवळून पालोमार चारदा जातो. प्रथम तो नजर वळवतो. मग तिला निसर्गदृश्यात विरघळवतो. पुढे ओझरता कटाक्ष. अखेर सद्भावनेचे अवलोकन. ती अंग झाकून, वैतागून निघून जाते. प्रत्येक पवित्र्याची उपपत्ती त्याच्यापाशी तयार असते (समीक्षकांना ही सवय अपरिचित नाही). तिच्या इच्छेला मात्र एकीतही स्थान नाही. जॉन बर्जरने १९७२ मध्ये चित्रांसंदर्भात मांडलेला पाहणाऱ्याच्या सत्तेचा प्रश्न येथे बदलतो: चित्रातील स्त्री उठून जाऊ शकत नाही. पालोमार दोष देतो तो पूर्वग्रहांच्या परंपरेला. निवेदन त्याच्याच जाणिवेला चिकटून राहिल्याने तिच्या संतापाचे कारण वाचकाला त्याच्या सबबींतूनच शोधावे लागते.