अंडे गोठले नाही, म्हणून सूज उतरली?

चिंचवडजवळच्या एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक नेटका प्रयोग पाहिला. अंड्यातील पांढरा भाग पाण्यात मिसळून दोन परीक्षानळ्यांत घेतला होता. एकीत निर्गुडीच्या पानांचा अर्क घातला होता, दुसरीत तेवढेच पाणी. दोन्ही नळ्या गरम पाण्यात ठेवल्यावर पाण्याची नळी गढूळ झाली. अर्काची तितकी झाली नाही. फलकावर निष्कर्ष होता : ‘निर्गुडी सूज कमी करते हे सिद्ध.’

मुलांची मेहनत खरी होती. निष्कर्ष मात्र आम्हांला पटला नाही. दोष केवळ मुलांचा नाही. ही पद्धत अनेक शोधनिबंधांतही आढळते. सूज उतरवणारी काही औषधे अल्ब्युमिन या प्रथिनाला उष्णतेने गोठू देत नाहीत, हा तिचा आधार. पण म्हणून प्रथिनाला वाचवणारा प्रत्येक पदार्थ सुजेवरचे औषध ठरत नाही. भरपूर साखर घातली तरी अंड्याचा पांढरा भाग गोठायला जास्त तापमान लागते!

शरीरात सूज येते ती रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतून द्रव पाझरल्याने आणि पांढऱ्या पेशी जमल्याने. यात भाग घेणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये ॲस्पिरिनमुळे तयार होत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. परीक्षानळीत यातले काहीच घडत नाही. म्हणून संशोधक उंदराच्या पंजात कॅराजीनान टोचून आलेली सूज मोजतात. ही पद्धत १९६२ मधली. तिला नैतिकता समितीची परवानगी लागते. शाळेचे ते काम नव्हे. त्यानंतरही माणसांवरची चाचणी उरतेच.

याच परिसरातले एक उदाहरण पाहा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये (स्थापना १९५४) थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. बुरशीनाशकाच्या चाचणीत बुरशीची वाढच थांबते का, हे पाहतात. म्हणजे जे सांगायचे तेच तपासले जाते.

मग हा प्रयोग टाकून द्यावा काय? मुळीच नाही. तिसरी नळी साखरेच्या पाण्याची ठेवा. चौथीत अंडे न घालता फक्त अर्क घ्या. अर्काच्या हिरव्या रंगाने फसगत होते का, ते कळेल. आणि फलकावर एवढेच लिहा : ‘अर्क घातलेल्या नळीत प्रथिन कमी गोठलेले दिसले.’ निर्गुडीचा शेक घरोघरी घेतात. तिची नीट परीक्षा व्हायलाच हवी. पण ‘सिद्ध’ हा शब्द वाचून कुणी आजीचे सांधेदुखीचे औषध बंद केले, तर जबाबदारी कोणाची?