स्वाक्षरीच्या बदल्यात प्रश्न : जयंत नारळीकरांची पोस्टकार्डे आणि त्यांची विज्ञानकथा

जयंत नारळीकर (1938–2025) यांच्याविषयी एक आठवण हमखास सांगितली जाते. व्याख्यान संपल्यावर स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते तेथल्या तेथे स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवावा, उत्तर मिळेल आणि त्याखाली स्वाक्षरीही असेल, असे ते सांगत. आणि उत्तरे पाठवीतही असत. ही आठवण बहुधा थोर माणसाच्या शिस्तीचा नमुना म्हणून येते व तेथेच संपते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहावयाचे आहे. लेखक आणि त्याचा बालवाचक यांच्यातील व्यवहाराची ही अट नारळीकरांच्या कथेच्या घडणीवरही प्रकाश टाकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

लेखकाच्या पत्रांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समीक्षेला अपरिचित नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे चार खंड त्याच दृष्टीने वाचले गेले. तेथे पत्र हे एकाकी प्रतिभावंताच्या आत्मप्रकटीकरणाचे साधन ठरते. पोस्टकार्डाला ती सोय नाही. जागा अपुरी, मजकूर उघडा, पोस्टमननेही वाचावा असा. शिवाय नागपूरच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला त्याचा खर्च सारखाच. स्वतःविषयी फारसे बोलू न इच्छिणाऱ्या लेखकाला याहून सोयीचा प्रकार सापडला नसता.

स्वतःचे नाव बाजूला ठेवण्याची ही वृत्ती नारळीकरांच्या कथालेखनाच्या आरंभीच दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. ज. वि. ना. या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव तयार झाले होते. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह केलेल्या संशोधनामुळे घरोघर पोहोचलेले नाव परीक्षकांपासून लपविणारा हा लेखक पुढे तेच नाव मुलांच्या वहीत सहजासहजी लिहीत नाही, यात विसंगती नाही. नावाच्या आधी मजकूर, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

या वृत्तीचे मूळ शोधताना बनारसच्या घरातील फळ्याकडे जावे लागते. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. गणिताचे शिक्षण घेण्यासाठी घरी राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार भिंतीवरील फळ्यावर भाच्यासाठी एखादे आव्हानात्मक गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. नारळीकरांनी ही आठवण ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात नोंदविली आहे. मुलावर माया करण्याची ही एक रीत होती : कौतुकाऐवजी कोडे देण्याची. पोस्टकार्डात तीच रीत उलट दिशेने चालते. आता कोडे मुलाने घालायचे आणि मोठ्याने ते सोडवायचे. लहानग्याच्या प्रश्नासाठी एका संशोधकाने आपला वेळ द्यावा, हा मान स्वाक्षरीच्या वहीत मावणारा नाही.

कथांची घडणही अशीच आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन येतात. पुराव्यादाखल त्यांच्याजवळ बखरीचे फाटके पान असते. हे सारे ते राजेंद्र देशपांडे या मित्रापुढे मांडतात आणि तो विज्ञानाच्या आधारे उलगडा करतो. एकाने चकित होऊन विचारायचे, दुसऱ्याने समजावून द्यायचे, असे हे उत्तरासह पोस्टकार्डच होय. नारळीकरांची पात्रे सपाट असतात, हा आक्षेप येथे खोडून काढण्याचे कारण नाही. तो बराचसा खरा आहे. मात्र ही पात्रे प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता या नात्यात उभी आहेत, हे ध्यानात घेतल्यास त्या सपाटपणाचे कारण कळते. चौदा वर्षांच्या वाचकाला गंगाधरपंतांच्या मनोविश्लेषणापेक्षा ते फाटके पान अधिक अस्वस्थ करते.

तुलनेसाठी सी. एस. लुइस यांचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘नार्निया’ मालिकेतील पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, यावर एका अमेरिकन मुलाचे आईशी मतभेद झाले. लुइस यांनी 1957 मध्ये मुलाला उत्तर लिहून त्याच्या क्रमाला पसंती दिली आणि पुढे प्रकाशकांनीही तो क्रम स्वीकारला. बालवाचकाचा शब्द तेथे थेट कलाकृतीपर्यंत पोहोचला. नारळीकरांच्या अटीत प्रश्न विज्ञानाचा हवा. तारे का लुकलुकतात, हे विचारता येते. लेखकाने ही कथा अशीच का संपवली, हे विचारण्याची सोय त्या अटीत दिसत नाही. कथा हे विज्ञानाकडे नेणारे वाहन आहे, ही त्यांची धारणा पत्रव्यवहारातही सैल होत नाही, आणि येथे काहीतरी हातचे सुटते. गंगाधरपंतांच्या कथेत उलगडा झाल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते : अध्यक्षपदे भूषविण्याची हौस असलेला हा गृहस्थ परतल्यावर पुढच्या अध्यक्षपदाला नकार देतो. ते का, याचे उत्तर राजेंद्रजवळ नाही. एखाद्या मुलाला नेमके हेच विचारायचे असते, तर त्याने ते कोणत्या पोस्टकार्डावर लिहावयाचे होते?