वाक्संप्रदायाची दीक्षा : तिसऱ्या भाषेतील इंग्रजीचा प्रश्न

१

इंग्रजीतील ज्या पदबंधांना आपण आज सर्रास 'वाक्प्रचार' म्हणतो, त्यांच्यासाठी मराठी व्याकरणपरंपरेत 'वाक्संप्रदाय' असा दुसरा, अधिक अर्थगर्भ शब्द आहे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी आपल्या कोशाला 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हे नाव दिले, तेव्हा हाच शब्द त्यांनी पसंत केला. 'प्रचार' या शब्दात केवळ रूढ होणे सुचते. 'संप्रदाय' या शब्दात परंपरेने हाती येणे, एका मंडळीत सामील होणे आणि दीक्षा घेणे या साऱ्या छटा येतात. शब्द कोशातून मिळवता येतो, संप्रदायात मात्र प्रवेश घ्यावा लागतो. परक्या भाषेतील प्रगत शब्दसंग्रह आणि वाक्संप्रदाय आत्मसात करणे ही म्हणूनच केवळ अध्यापनशास्त्राची बाब उरत नाही. कोणाला, कोणत्या वाटेने आणि कोणत्या अटींवर प्रवेश मिळतो, हा भाषेच्या समाजशास्त्राचा आणि पर्यायाने समीक्षेचाही प्रश्न ठरतो.

मराठीत या प्रवेशाची दोन रूपके रूढ आहेत. पहिले 'वाघिणीचे दूध' हे. त्यात इंग्रजी म्हणजे सामर्थ्य, आणि ते पचवण्याची ताकद मोजक्यांपाशीच असते हे गृहीतक. दुसरे सावित्रीबाई फुले यांचे. 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहातील एका कवितेच्या शीर्षकातच इंग्रजी 'माउली' झाली आहे. वाघिणीचे दूध पिणारा शूर ठरतो, तर माउलीकडे जाणारा आश्रय मागतो. एका रूपकात अर्जनाचा अभिमान आहे आणि दुसऱ्यात बहिष्कृतांचा हक्क. आपल्या इंग्रजी अध्यापनाने पहिल्या रूपकाचा दर्प तेवढा उचलला आणि दुसऱ्यातील आश्वासन विसरले, असे म्हणावे लागते.

२

परभाषेत वाक्संप्रदायापर्यंत पोहोचलेल्या लेखकाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे जोसेफ कॉनराड. ज्या १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, त्याच साली रशियन साम्राज्यातील बर्दिचेव्ह येथे एका पोलिश कुटुंबात त्याचा जन्म झाला. पोलिश ही त्याची घरची भाषा, फ्रेंच दुसरी, इंग्रजी तिसरी. ब्रिटिश जहाजावर तो १८७८ मध्ये चढला; १८८६ मध्ये कप्तानपदाचे प्रमाणपत्र आणि ब्रिटिश नागरिकत्व त्याने मिळवले; पहिली कादंबरी 'अल्मेयर्स फॉली' १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्याने असा दावा केला, की इंग्रजीची निवड आपण केली नाही, त्या भाषेच्या प्रकृतीनेच आपल्याला दत्तक घेतले.

हा दावा जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. दत्तकविधानाच्या या भाषेआड सुमारे दीड दशकाचे नाविकी श्रम झाकले जातात. कॉनराडला इंग्रजीचा संप्रदाय लाभला तो डेकवर, दोरखंड ओढता ओढता, हुकूम घेता आणि देता. त्याच्या इंग्रजीत समीक्षकांना फ्रेंच वळणाच्या रचना आढळत राहिल्या आणि त्याचा उच्चार अखेरपर्यंत परकाच राहिला. तरी त्याच्या गद्याची थोरवी त्यामुळे कमी झाली नाही. नामामागून येणाऱ्या विशेषणांची ती संथ रांग हेच त्या गद्याचे वैशिष्ट्य ठरले. दुसरीकडे एलिझा ओझेश्कोवा या पोलिश लेखिकेने १८९९ मध्ये त्याच्यावर स्वभाषा सोडून गेल्याचा आरोप ठेवला. इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी भाषकांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्याची ही जुनी पोलिश आवृत्तीच होय.

३

कॉनराडची तिसरी भाषा आणि नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या विद्यार्थ्याची तिसरी भाषा यांची तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून केलेली वाटेल. परंतु भाषिक स्थिती मात्र तीच आहे. या परिसरात घरी गुजरी, अहिराणी, भिली किंवा पावरी बोलली जाते. प्रमाण मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्यानंतर. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीत भेटत असे. असे असूनही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या मार्गदर्शिकांपर्यंत आपले सारे इंग्रजी अध्यापन एका गृहीतकावर उभे आहे : विद्यार्थ्याची पहिली भाषा प्रमाण मराठी होय. इंग्रजी वाक्संप्रदायासमोर मराठी पर्याय ठेवला की काम झाले, अशी समजूत आहे. ज्याला तो मराठी पर्यायच परका आहे, त्याने काय करावे? त्याच्या वाट्याला एका अज्ञाताचे दुसऱ्या अज्ञातात भाषांतर येते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. 'हँड टु माउथ' या पदबंधापुढे 'हातावर पोट असणे' असे लिहिले जाते. दोन्हीत हात आहे. पण इंग्रजीत तो तोंडापाशी थांबतो, मराठीत पोटापर्यंत जातो. दोहोंत सामाईक असलेली व्यवस्था रोजंदारीची : आज राबावे, आज खावे. आता पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. ऊसतोडीच्या व्यवहारात मजुराला मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' मिळते. ती आधी खर्चून जाते आणि नंतर हंगामभर तोड करून फेडावी लागते. म्हणजे येथे पोट हातावर नसते, हातच पोटाकडे गहाण पडलेला असतो. ज्या घराने उचल घेतली आहे, त्या घरातील मुलाला इंग्रजी आणि मराठी हे दोन्ही वाक्संप्रदाय स्वतःच्या जगण्याचे अपुरे वर्णन वाटले, तर तो भाषेत कच्चा आहे असे म्हणायचे, की अर्थाची त्याची जाण अधिक नेमकी आहे असे?

याच व्यवहारात 'कोयता' हा शब्द आहे. एक कोयता म्हणजे एक अवजार नव्हे, तोड करणारे नवराबायकोचे जोडपे. खानदेशातून दक्षिण गुजरातेतील कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्यांतही माणसांची मोजणी अशी कोयत्यांतच होते. इंग्रजीत कामगाराला 'हँड' म्हणतात. डिकन्सने 'हार्ड टाइम्स' (१८५४) मध्ये या शब्दातील क्रौर्यावर बोट ठेवले आहे. इंग्रजी संप्रदायाने माणसाचा एक अवयव तरी शिल्लक ठेवला होता. आपल्याकडे अवयवही गेला आणि हत्यार उरले, शिवाय दोन माणसांचे मिळून एक. लक्षणेचा पाठ शिकवण्यासाठी यापेक्षा जवळचे आणि यापेक्षा अस्वस्थ करणारे उदाहरण कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? 'कोयता' समजणाऱ्या विद्यार्थ्याला 'हँड' समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्याच्या बोलीतील ही संपत्ती ज्ञान म्हणून वर्गात मोजली जात नाही.

शब्दांची स्थिती वाक्संप्रदायांहून वेगळी आहे. 'क्रशिंग', 'बॉयलर', 'सीझन', 'रिकव्हरी' हे शब्द कारखान्याच्या परिसरात कोशाविनाच रुळतात. 'रिकव्हरी' म्हणजे साखरेचा उतारा, हा अर्थ येथे पहिला. आजारातून बरे होणे हा अर्थ नंतर पुस्तकातून येतो. परीक्षक ज्याला चूक म्हणेल तो वास्तविक अर्थांचा क्रम आहे. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह याच शहादा परिसरातील आदिवासी चळवळीच्या अनुभवातून आला. त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या कवितेचे शीर्षक 'स्टेज' आहे. 'व्यासपीठ' किंवा 'रंगमंच' हे शब्द उपलब्ध असताना इंग्रजी शब्द योजण्यात उसनवारी नाही. ज्यावर आपल्याला कोणी बोलावले नाही त्या जागेचे नाव, हा अर्थ त्या शब्दाला येथल्या राजकीय अनुभवानेच दिला आहे.

४

भाषांच्या देवघेवीत शब्दशः भाषांतर नेहमीच निषिद्ध ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. 'लालफीत', 'हिमनगाचे टोक', 'मैलाचा दगड' हे इंग्रजीचे शब्दशः अनुवाद मराठीत इतके मुरले आहेत, की हिमनग न पाहिलेला वाचकही त्यापाशी अडत नाही. उलट दिशेने पाहावे तर 'ही माझी सर्कस नव्हे आणि ही माकडेही माझी नव्हेत' अशा अर्थाची पोलिश म्हण अलीकडच्या काळात शब्दशः इंग्रजीत गेली आणि तेथे रूढ झाली. 'प्रीपोन' हा शब्द भारतीय इंग्रजीतून कोशांत पोहोचला आहे. संप्रदायात नवा आलेला केवळ घेतो असे नाही. त्याची संख्या आणि प्रतिष्ठा पुरेशी असेल तर तो देतोही. शुद्धाशुद्धतेचा निर्णय अखेर व्याकरणापेक्षा या प्रतिष्ठेवर अवलंबून असतो.

या विवेचनातून देशीवादाचा एक सोपा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे : ऊसतोड कामगाराच्या मुलाला परक्या वाक्संप्रदायांची गरजच काय? हा निष्कर्ष निःसंदिग्धपणे नाकारला पाहिजे. बोलीचे गुणगान करीत एका वर्गाने स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात घालावीत आणि दुसऱ्याला त्याच्या मुळांची आठवण करून द्यावी, हा देशीपणा नव्हे. सावित्रीबाईंच्या 'माउली'ला विन्मुख होण्याचा अधिकार, ज्यांना तिच्या दारापर्यंत जाऊ दिले गेले नाही, त्यांच्यावतीने इतर कोणी वापरू नये.

इंग्रजी शिकवायला हवी आणि तिच्या वाक्संप्रदायांसह शिकवायला हवी. केवळ पर्यायांच्या याद्यांनी मात्र नव्हे. कॉनराडला जहाज मिळाले. पुरुषोत्तमनगरच्या विद्यार्थ्याला ते मिळणार नाही, इंग्रजी बोलणारे सहकारीही नाहीत. त्याच्यापाशी आहे ती तीन भाषांत अर्थाचा पाठलाग करण्याची रोजची सवय. 'हँड' आणि 'कोयता', 'हातावरचे पोट' आणि 'उचल' यांना एकाच पानावर आणणारे अध्यापन त्या सवयीला शिस्त देऊ शकेल. विद्यार्थी इंग्रजी पदबंध पाठ करण्याऐवजी त्यामागची समाजरचना वाचू लागेल. तौलनिक साहित्याभ्यास आपण दोन साहित्यकृती समोरासमोर ठेवून सुरू करतो. त्रैभाषिक विद्यार्थ्याच्या तोंडी तो त्याआधीच सुरू झालेला असतो, याची दखल समीक्षेने आणि अभ्यासमंडळांनी अजून घ्यायची आहे.