अडवलेलं पाणी कुणाचं? धाराशिवच्या पाणलोट कामांकडे पुन्हा बघताना

मंडळी, धाराशिव जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भूम-परंड्याचं पाणी सीनेत उतरतं आणि पुढे भीमेला जातं. तेरणा मात्र तेरवरून, माकणीवरून मांजरेकडे, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नळदुर्गच्या किल्ल्याशी असलेली बोरी पुन्हा भीमेकडे. जिल्हा असा बालाघाटाच्या माथ्यावर बसलाय. माथ्यावरच्या माणसाला वरून फारसं काही मिळत नाही, पडेल तेवढंच त्याचं. म्हणून इथं पाणलोटाचं काम हवं, याबद्दल वाद नाही. नळदुर्गला आदिलशाहीत बोरीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला, तेव्हा अडवण्याची हौस तर चारशे वर्षांची आहे!

माझी तक्रार पुढची आहे. अडवलेलं पाणी कुणी, किती आणि कशासाठी उपसायचं, हे आपण ठरवतच नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं ठरलं. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ९,६३४ कोटींच्या आसपास खर्च, आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम नाही, असा त्याचा सूर. तपासलेल्या सहा जिल्ह्यांत धाराशिव नव्हता, पण शेजारचे बीड, सोलापूर, अहमदनगर होते. दगड तोच, पीकही बरंचसं तेच.

दगडाचंही सांगतो. आपल्याकडे बेसाल्ट. वर माती, खाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. पाणी मुरतं ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत. नाला खोल करताना जेसीबी पाषाणापर्यंत गेला, की तिथं हौद तयार होतो. फोटोत छान दिसतो, पण मुरण्याच्या नावानं बोंब. माथ्यापासून पायथ्याकडे काम करा, हे अभ्यासक सांगत राहिले, एच. एम. देसरडा तर उच्च न्यायालयात गेले. पण माथ्यावरच्या समतल चरांचं उद्घाटन कोण करणार? नाल्यात पोकलेन उभा राहिला की काम दिसतं.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी साठवायचं, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरून कितीतरी तळी विहिरीच्या, बोअरच्या पाण्यानं भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि त्याला खाजगी कुंपण घालायचं. याला जलसंधारण कसं म्हणायचं?

आता लोकसहभाग. श्रमदानाला सगळे येतात, आणि त्यात भूमिहीन मजूर पुढेच असतो. त्याच्या घामानं पाणी मुरतं. ते वर येतं मात्र ज्याच्याकडे विहीर आणि मोटार आहे त्याच्या शेतात, आणि तिथं ऊस उभा. भूमिहीनाच्या दारात उस्मानाबादी शेळ्या असतात, तीच त्याची बँक. पाणलोट आलं की चराईबंदी येते. म्हणजे त्याचं कुरण बंद आणि दुसऱ्याची विहीर भरलेली. केंद्राच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाणलोट समितीत महिला, भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती, बचत गट यांना निम्मं प्रतिनिधित्व सांगितलंय, उपजीविकेसाठी निधीचा साधारण दहावा हिस्साही. कागद चांगलाच आहे. पण समितीत बसलेल्या बाईला मोटार बंद करायला सांगण्याचा अधिकार आहे का, ते विचारा.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही बरं का. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. पाणलोटाच्या आपल्या साऱ्या साहित्यात इतका धीट नियम मला दुसरा दिसत नाही. हिवरे बाजारचा ताळेबंद आपण पाठ केला, बसनं सहली नेल्या. साळुंख्यांचं नाव भाषणात घेतलं आणि नियम पुण्यातच ठेवून आलो.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यानं ऊस लावू नये हे सांगणं सोपं आहे. खरंय. सोयाबीनचा भाव पडतो, तुरीवर मर रोग येतो. उसाला निदान घेणारा कारखाना असतो. अर्थात ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षं बंद पडलेलाही याच जिल्ह्यानं पाहिलाय. तेव्हा पाण्याचा नियम आणि पिकाची खात्री एकत्र हवी.

त्या दिशेनं इथंच एक काम झालंय. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात बायकांच्या गटांबरोबर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगानं पुढे एक एकर शेतीचं मॉडेल आणलं. घरच्या जमिनीतला एकभर तुकडा बाईच्या निर्णयानं पिकवायचा, त्यात धान्य, कडधान्य, भाजी, कमी पाण्यावर. संस्थेला २०१६ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. माझा आक्षेप एवढाच, की हा निर्णय तुकड्यापुरता राहतो. त्याच बांधापलीकडे सातशे फूट बोअर पडला की तिची विहीर आटते. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. बोअरची गाडी मात्र रात्री येते, सकाळपर्यंत निघून जाते.

तर तुमच्यापैकी जे गावाकडे जाणार आहेत त्यांनी दसऱ्याच्या सुमारास, रब्बीची पेरणी व्हायच्या आत, ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडायला लावा. किती पडलं आणि किती अडलं हे सगळेच सांगतील. मोटारी किती, बोअर किती, ऊस किती एकर, हेही फळ्यावर लिहायला सांगा. मग कोण उठून बाहेर जातं ते बघा. आता प्रश्न घेऊ.