मान मोकळी झाली, पण कशामुळे?

‘बरे वाटले’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा ते खरेच असते. पण ते कशामुळे वाटले, हे नुसत्या त्या वाक्यावरून रुग्णालाही कळत नाही आणि उपचार करणाऱ्यालाही नाही. मानेवरच्या एका उपचारपद्धतीचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

आपल्या मानेत सात मणके असतात. सर्वांत वरचा, कड्यासारखा मणका म्हणजे अ‍ॅटलास आणि त्याखालचा अ‍ॅक्सिस. डोके डावी-उजवीकडे फिरवताना जवळजवळ निम्मे वळण या दोघांमधल्या सांध्यातच होते. डी. डी. पामर याने १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात ‘कायरोप्रॅक्टिक’ ही हातांनी मणके ‘जागेवर बसवण्याची’ पद्धत सुरू केली. त्याचा मुलगा बी. जे. पामर याने पुढे या वरच्या मणक्यांवर सगळा भर दिला. अ‍ॅटलास किंचित सरकला की सगळ्या शरीराचे स्वास्थ्य बिघडते, हा या शाखेचा दावा. तो सिद्ध झालेला नाही.

२०११ च्या अभ्यासात ८३ कायरोप्रॅक्टरांकडच्या १०९० रुग्णांची नोंद आहे. साधारण १७ दिवसांच्या काळात मानदुखी, डोकेदुखी व कंबरदुखी कमी झाली आणि रुग्णांनी समाधानाला १० पैकी सरासरी ९.१ गुण दिले. अभ्यासाची जमेची बाजू अशी, की क्ष-किरण चित्रातल्या कोनांवर न थांबता त्यात रुग्णालाच त्याचे दुखणे विचारले. उपचारानंतर ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, हेही लपवले नाही.

पण यात उपचार न घेतलेल्या रुग्णांचा गट नाही. म्हणून ‘दुखणे कमी झाले’ एवढेच म्हणता येते, ‘उपचाराने कमी झाले’ असे नाही. मानदुखी कमी-जास्त होत असते. माणूस उपचाराला जातो तो बहुधा ती फार वाढल्यावर. त्यानंतर ती आपोआपच थोडी उतरण्याची शक्यता जास्त.

हे वर्गात दाखवता येते. चाळीस मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकून बेरीज लिहायला सांगा. सर्वांत कमी बेरीज आलेली दहा मुले निवडा. त्यांची सरासरी ४ च्या आसपास असेल. आता पाच जणांच्या फाशांवर ‘उपचार’ म्हणून फुंकर घाला, पाच जणांच्या नको, आणि पुन्हा फासे टाकू द्या. खेळ चार-पाच वेळा करा. दोन्ही गट ७ च्या जवळ येतील. फुंकर घातलेला गटच पाहिला असता तर फुंकरीला यश मिळाले असते! घटक चाचणीत मागे पडलेल्या मुलांसाठी घेतलेल्या जादा तासांचे मूल्यमापन आपण कसे करतो, हेही यावरून तपासावे.

तुलना करणे या क्षेत्रात अशक्य नाही. २००७ साली शिकागोत ५० रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना खरा आणि निम्म्यांना लुटुपुटीचा उपचार दिला. आठ आठवड्यांनी वरचा रक्तदाब एका गटात १७, तर दुसऱ्यात ३ मिलिमीटरने उतरला. रचना योग्य, पण संख्या लहान. एवढ्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या सोडणे धोक्याचे ठरेल.

सुरक्षिततेचा दावा आणखी कच्चा आहे. या ८३ जणांनी मिळून पन्नास लाखांहून अधिक उपचार केले आणि गंभीर इजा एकही नोंदली नाही, असे लेखक सांगतात. पण पक्षाघात झालेला माणूस इस्पितळात जातो, मान बसवणाऱ्याकडे परत येईलच असे नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून जातात. या शाखेतल्या काही पद्धतींत मान पिरगळत नाहीत, अगदी हलका दाब देतात. आपल्याकडे दाढीनंतर मान कडकन मोडून घेतात, तिथे मात्र या धमन्यांना इजा होण्याचा धोका, क्वचित का होईना, असतोच.

आता सोनपेठसारख्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा विचार करू. डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रकवर चढवते. मानेच्या त्रासासाठी १९९१ पासून वापरात असलेल्या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. त्यांपैकी एक वाचनाचा, एक गाडी चालवण्याचा. तिच्यासाठी हे दोन्ही बहुधा निरुपयोगी. मोळी उचलता येते का, भाकरी थापताना मान वाकवता येते का, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे विचारले तर मोजमाप तिचे होईल. रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे काय मोजायचे ते तिला ठरवू देणे. पण फरक कशामुळे पडला, हे सांगायला तुलनेचा गटच लागतो. एक असून दुसरे नसेल, तर मोजूनही हाती काही लागत नाही आणि पैसे मात्र तिच्या उचलीतून जातात.

म्हणून कोणी ‘शंभरातल्या नव्वदांना गुण आला’ असे सांगितले, तर मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवू: उपचार न घेतलेल्या शंभरांचे काय झाले?